क्रिप्टोच्या भांडणात आधी व्हाउचर मागा

क्रिप्टोच्या गटांमधली भांडणं फिरून फिरून तीन विषयांवर येतात: अमुक नाणं सुरक्षित आहे की नाही, मायनिंग (यंत्रांच्या ताकदीवर व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, काढून साखळीला जोडणं) कुणाच्या मुठीत गेलंय, आणि समोरचा ट्रोल आहे की पैसे घेऊन लिहिणारा. चौथा विषय भावाचा. त्यात मी पडत नाही, कारण उद्याच्या भावाचं व्हाउचर, म्हणजे पुराव्याचा कागद, आज मिळत नाही.

माझा पेशा ऑडिटचा. आकडा समोर आला की सांगणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघायची सवय आहे. बिटकॉइनचा एक नोड (साखळीतले सगळे व्यवहार स्वतः तपासणारं सॉफ्टवेअर) चालवते आणि एका गटाची अ‍ॅडमिनगिरी गळ्यात पडली आहे, त्यामुळे नव्या माणसांचा एक प्रश्न सारखा कानावर येतो. इतकी हुशार मंडळी इतक्या ठामपणे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, मग विश्वास ठेवायचा कुणावर? माझं उत्तर: शक्यतो कुणावरच नको. दावा घ्यायचा, तपासता येईल इतका बारीक करायचा आणि आपल्याच यंत्रावर तपासायचा. ते कसं करायचं तेवढं इथे सांगते.

आधी वाक्य सोडवा

भांडणातलं वाक्य बहुतेक वेळा दोन-तीन वाक्यांची गाठ असते. ती सोडवल्याशिवाय उत्तर देऊ नका. २०१५ ते २०१७ या काळात ब्लॉकच्या आकारावरून बिटकॉइनवाले एकमेकांच्या जिवावर उठले होते. शेवटी १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइन कॅश हे नाणं वेगळं झालं आणि २४ ऑगस्टला मूळ साखळीवर सेगविट (व्यवहारांच्या सह्या वेगळ्या ठेवून ब्लॉकमध्ये जागा करणारा बदल) लागू झालं. त्या काळात ऐकू येणारं ठरावीक वाक्य असं: ‘ब्लॉक मोठे केले की नोड चालवणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाईल आणि बिटकॉइन मरेल.’ यातला पहिला भाग मोजता येतो. ब्लॉक किती मोठा, वर्षाला डिस्क किती भरेल, नवा नोड पहिल्यापासून तपासत यायला किती वेळ घेईल, हे सगळं गणित आहे. ‘बिटकॉइन मरेल’ हे मत आहे. आणि बिटकॉइन रोजच्या खर्चासाठी असावं की सोन्यासारखं साठवण्यासाठी, हा तर आवडीनिवडीचाच मामला. मोजता येतं ते मोजा, मत ऐकून घ्या, आवडीवर रात्र घालवू नका.

दुसरी गाठ जास्त फसवी असते: नियम आणि धोरण यांची. २०२५ मध्ये बिटकॉइन कोअर या नोडच्या सॉफ्टवेअरच्या ३० व्या आवृत्तीवरून रान पेटलं. ऑप-रिटर्न (व्यवहाराला इतर माहिती जोडायची जागा) यातून जाणाऱ्या माहितीवर पूर्वी साधारण ८० बाइटची मर्यादा होती, ती एकदम एक लाख बाइटवर नेली. ‘बिटकॉइनचे नियम बदलले’ अशी बोंब उठली. पण ती मर्यादा नोडच्या धोरणातली होती. एखादा व्यवहार पुढच्या नोडला कळवायचा की नाही, एवढंच ती ठरवत होती. त्याहून मोठा ऑप-रिटर्न असलेला ब्लॉक आधीही वैधच होता. मर्यादा वाढवणं शहाणपणाचं होतं का, यावर दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं बरंच आहे. मात्र ‘नियम बदलले’ हे चूकच. म्हणून कोणी नियमाचं नाव काढलं की विचारा: हे घडलं तर माझा नोड तो ब्लॉक नाकारेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर चर्चा धोरणाची आहे, आणि आवाज थोडा खाली यायला हरकत नाही.

‘हॅक झालं’ म्हणजे नेमकं काय फुटलं?

‘बिटकॉइन हॅक झालं’ हे ऐकलं की मी एकच विचारते: कुठला थर? प्रोटोकॉल (साखळीचे मूळ नियम), सॉफ्टवेअर, एक्स्चेंज, वॉलेट की खुद्द माणूस? फेब्रुवारी २०१४ मध्ये माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं, त्यातले दोनेक लाख पुढे सापडले. लोकांचं नुकसान भयंकर होतं, पण फुटलं होतं एक्स्चेंज. १७ जून २०१६ ला इथेरियमवरच्या ‘द डाओ’ या कोडने चालणाऱ्या गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं नाणं) निसटले. तिथे करारातला कोड कच्चा होता, खालची साखळी सांगितल्याप्रमाणेच चालत होती. पुढच्या महिन्यात ते पैसे परत फिरवायला फोर्क केला गेला, म्हणजे नियम बदलून साखळीला नवा फाटा काढला, काहींना ते मान्य झालं नाही आणि ते इथेरियम क्लासिकवर राहिले. त्या फोर्कवर आजही भांडणं होतात. ती तत्त्वाची आहेत, सुरक्षिततेच्या खात्यात घालू नका.

‘बिटकॉइनचा प्रोटोकॉल कधी चुकलाच नाही’ असं छातीठोक सांगणाराही तितकाच बेफिकीर. १५ ऑगस्ट २०१० ला ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये बेरजेच्या ओव्हरफ्लोमुळे (आकडा ठरलेल्या जागेत न मावल्याने) १८४ अब्ज बिटकॉइन जन्माला आले होते. काही तासांत दुरुस्ती आली आणि ती साखळी मागे पडली. सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा एक भोक सापडलं. एकाच व्यवहारात तीच रक्कम दोनदा खर्च करून हवेतून नाणी काढता आली असती. हे कळवणारा ‘ऑमनी’ या टोपणनावाचा डेव्हलपर बिटकॉइन कॅशच्या गोटातला होता, म्हणजे ज्यांना वर्षभर शिव्या घातल्या त्यांच्यातला. त्याने ते गुपचूप कळवलं. १८ सप्टेंबरला दुरुस्त आवृत्ती आली. तेव्हा फक्त नोड कोसळू शकतो इतकंच जाहीर केलं आणि नाणी छापता येण्याची गोष्ट दोन दिवसांनी, बरेच लोक अपडेट झाल्यावर सांगितली. लपवाछपवी म्हणून यावरही आरडाओरडा झाला. माझ्या मते त्यांनी केलं ते बरोबर केलं. कुलूप तुटकं आहे हे गावभर सांगण्याआधी कुलूप बदलायचं असतं. तुम्हाला कधी असं भोक दिसलं तर गटात टाकू नका. प्रत्येक गंभीर प्रकल्प सुरक्षिततेच्या तक्रारींसाठी वेगळा पत्ता देतो, तिथे पाठवा.

आता तपासायचं कसं? ‘गुपचूप जास्तीची नाणी छापली गेलीत’ ही अफवा ठरावीक अंतराने येते. स्वतःचा नोड असेल तर बिटकॉइन-सीएलआय या नोडला आज्ञा द्यायच्या साधनामधून ‘गेट-टीएक्सआउटसेट-इन्फो’ ही आज्ञा द्या (जोडून लिहायची, मध्ये रेघा नाहीत). काही मिनिटं काहीच दिसणार नाही. यंत्र न खर्चलेल्या सगळ्या रकमा एकेक करून मोजत असतं. मग एक छोटा तक्ता उमटतो, त्यात ‘टोटल अमाउंट’ नावाची ओळ असते. तिच्यासमोरचा आकडा आणि ब्लॉकच्या उंचीवरून (साखळीतल्या क्रमांकावरून) काढलेली बेरीज जुळवायची. पहिल्या २,१०,००० ब्लॉकना ५० बिटकॉइन, पुढच्या तितक्यांना २५, मग साडेबारा, मग सव्वासहा, आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. तक्त्यातला आकडा तुमच्या बेरजेपेक्षा किंचित कमीच येईल, कारण काही मायनरनी पूर्ण बक्षीस उचललंच नाही आणि काही नाणी कायमची खर्च न होणारी आहेत. जास्त आला तर मात्र मला उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

अर्थात नोडचं सॉफ्टवेअरच बनावट असेल तर हा हिशेब फुकट. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम वॉलेट वापरणाऱ्यांना दुष्ट सर्व्हरकडून वॉलेटच्या खिडकीतच ‘अपडेट करा’ असा संदेश यायला लागला. लिंकवर बनावट आवृत्ती होती आणि ती घेणाऱ्यांची नाणी गेली. संदेश वॉलेटमध्ये दिसला म्हणून तो वॉलेट बनवणाऱ्यांचा ठरत नाही. डाउनलोड केलेल्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा गणिती ठसा) काढायचा, प्रकल्पाने दिलेल्या यादीशी ताडायचा आणि त्या यादीवरची जीपीजी सही (बनवणाऱ्यांच्या किल्लीने केलेली डिजिटल सही) तपासायची. सही न तपासता नुसता हॅश जुळवणं म्हणजे अर्धंच काम, कारण साइट बदलणारा माणूस यादीही बदलू शकतो.

मायनिंगच्या आकड्यांत डोकं शांत ठेवा

‘अमुक पूलने गेल्या दहापैकी सहा ब्लॉक काढले, ५१ टक्के झाले!’ हा स्क्रीनशॉट तुम्ही पाहिला असेल किंवा पाहाल. पूल म्हणजे ताकद एकत्र करून मायनिंग करणारा गट. त्याचा खरा वाटा ३५ टक्के असला तरी दहापैकी सहा किंवा जास्त ब्लॉक मिळण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येते. दिवसात सुमारे १४४ ब्लॉक निघतात, म्हणजे दहा-दहाचे चौदा गट. तेव्हा असा ‘भयानक’ गट सरासरीने रोज एकदा तरी दिसणारच. वाटा बघायचा तर किमान २०१६ ब्लॉकचा बघा, म्हणजे साधारण दोन आठवड्यांचा. काठिण्य, म्हणजे ब्लॉक काढणं किती अवघड ते, बदलायचा टप्पाही तोच.

हॅशरेटचं, म्हणजे मायनिंगच्या एकूण ताकदीचंही तसंच. जगभरातल्या यंत्रांना कोणी मीटर लावलेला नाही. ब्लॉक किती वेगाने आले आणि काठिण्य किती होतं, यावरून हॅशरेट मागाहून काढतात. एका दिवसाच्या आकड्यात आठ-नऊ टक्क्यांचा चढउतार निव्वळ नशिबाने होतो. त्यामुळे ‘काल हॅशरेट दहा टक्के पडला, मायनर पळाले’ ही बातमी मी उघडतही नाही. खरोखर पळतात तेव्हा कसं दिसतं ते २०२१ मध्ये दिसलं. चीनने मायनिंगवर बंदी घातली, जवळपास निम्मी ताकद बंद पडली, ब्लॉक आठवडे रेंगाळले आणि ३ जुलैला काठिण्य सुमारे २८ टक्के उतरलं. मग साखळी पुन्हा दहा-दहा मिनिटांवर आली.

५१ टक्के खरोखर झाले तर काय होतं, हे मायनिंगच्या वादात सगळ्यात कमी लोकांना नीट माहीत असतं. हल्लेखोर स्वतः केलेला खर्च उलटवू शकतो आणि इतरांचे व्यवहार ब्लॉकमध्ये येऊ देत नाही. तुमच्या पत्त्यावरची नाणी तो उचलू शकत नाही, कारण सही करायची किल्ली तुमच्याकडे आहे. जास्तीची नाणीही छापू शकत नाही, नोड असे ब्लॉक फेकून देतात. आणि धोका ५१ वर अचानक उगवतही नाही. बिटकॉइनचा टोपणनावाने लिहिणारा निर्माता सातोशी याच्या २००८ च्या मूळ लेखात एक छोटा तक्ता आहे. व्यवहार उलटण्याची शक्यता ०.१ टक्क्याच्या खाली आणायला हल्लेखोराकडे १० टक्के ताकद असेल तर ५ ब्लॉक थांबावं लागतं, ३० टक्के असेल तर २४, आणि ४५ टक्के असेल तर ३४०. हा तक्ता समोर ठेवला की ‘सहा कन्फर्मेशन (व्यवहाराचा ब्लॉक धरून सहा ब्लॉक) पुरे’ म्हणणारा आणि ‘सगळं संपलं’ म्हणणारा, दोघेही जरा थांबून बोलतात.

मोनेरो या नाण्याचं २०२५ मधलं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. क्युबिक या प्रकल्पाने ऑगस्टमध्ये जाहीर केलं की मोनेरोची निम्म्याहून जास्त ताकद आपल्याकडे आली. पुरावा म्हणून सहा ब्लॉकचा रिऑर्ग (आधी मान्य झालेले ब्लॉक बाद होऊन त्यांच्या जागी दुसरे येणं) दाखवला गेला. रिऑर्ग खरा होता, नोडवर दिसत होता. पण तेवढ्याने बहुमत सिद्ध होत नाही. इत्ताय एयाल आणि एमिन ग्युन सिरर या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवलं होतं की ताकद एक तृतीयांशाच्या वर गेली की ब्लॉक लपवून ठेवून आणि योग्य वेळी सोडून आपल्या वाट्यापेक्षा जास्त कमावता येतं. अशा डावात मधूनमधून लांब रिऑर्ग निघतातच. तेव्हा ‘बहुमत मिळालं’ हा दावा मी मानला नाही आणि ‘काहीच झालं नाही, नुसती जाहिरात’ हे म्हणणारेही मला पटले नाहीत. सप्टेंबरमध्ये अठरा ब्लॉकचा रिऑर्ग झाला. मोनेरोत आलेली रक्कम दहा ब्लॉकनंतर खर्चता येते, अठरा ब्लॉक त्याच्याही पुढे गेले. याला नुसती जाहिरात म्हणणं कठीण आहे.

छोट्या नाण्यांना जास्त भीती असते त्याचं कारण साधं. त्यांचा मायनिंगचा अल्गोरिदम (हिशेबाची रीत) मोठ्या नाण्यासारखाच असेल किंवा ताकद भाड्याने मिळत असेल, तर हल्ल्याला यंत्रं विकत घ्यावी लागत नाहीत. बिटकॉइन गोल्डवर मे २०१८ मध्ये आणि इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात तीनदा असं झालं. नाणं तपासताना ‘हॅशरेट किती’ यापेक्षा ‘त्या अल्गोरिदमच्या एकूण ताकदीपैकी यांच्याकडे किती’ हे विचारा.

विजेचा वाद मी थोडक्यात आवरते. ‘एका व्यवहाराला इतकी वीज’ हा भागाकार निरर्थक आहे, कारण रिकामा ब्लॉक काढायलाही तेवढीच मेहनत लागते. वीज ठरते ती मायनरच्या कमाईवरून. पण म्हणून एकूण वीज थोडी आहे असंही होत नाही, आणि ती खर्च करावी का हा प्रश्न रास्तच आहे. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग सोडून स्टेकिंग (नाणी तारण ठेवून ब्लॉक मान्य करायची पद्धत) धरलं आणि वीज ९९ टक्क्यांहून जास्त घटली. हे बिटकॉइनवाल्यांनी मोकळेपणाने मान्य करावं, आणि मग स्टेकिंगची सुरक्षा कशावर उभी आहे ते खुशाल विचारावं.

‘मीपण मायनिंग करू का?’ याचं उत्तर मताने न देता हिशेबाने द्या. समजा यंत्र २०० टेराहॅशचं आणि ३५०० वॅटचं आहे. दिवसाला ८४ युनिट वीज. नेटवर्कचा हॅशरेट ८०० एक्झाहॅश (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरला तर तुमचा वाटा चाळीस लाखांत एक. रोज निघणारी नाणी १४४ गुणिले ३.१२५, म्हणजे ४५०. त्यातला तुमचा भाग सुमारे ११,२५० सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग), वर व्यवहारांच्या शुल्कातला चिमूटभर वाटा. ८४ युनिटचं बिल त्याच्यासमोर मांडा, यंत्राची किंमत आणि पुढची काठिण्यवाढ धरा. पूलशिवाय एकट्याने केलं तर सरासरी एका ब्लॉकला ७६ वर्षं. आणि कोणी फोनवरच्या अ‍ॅपने बिटकॉइन मायनिंग होतं म्हणालं तर हाच हिशेब फोनच्या ताकदीला लावून दाखवा म्हणावं.

ट्रोल ओळखण्यापेक्षा दावा ओळखा

लोक मला विचारतात, अमका ट्रोल आहे का? मला त्यात फारसा रस नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘डेव्हऑप्स१९९’ या नावाने एकाने गिटहब या कोडच्या साइटवर लिहिलं, ‘माझ्याकडून पॅरिटी कंपनीचा वॉलेट-करार (नाणी सांभाळणारा साखळीवरचा कोड) चुकून मेला.’ वाचून कोणालाही थट्टाच वाटली असती. पण ज्या सामाईक कोडवर शेकडो वॉलेट उभी होती तो खरोखरच नष्ट झाला होता आणि पाच लाखांहून जास्त इथर जागच्या जागी अडकले. तो नवशिका होता की नाटकी, यावर आजही तर्क चालतात. दावा मात्र साखळीवर पाच मिनिटांत तपासता येत होता. ऑमनीचंही तेच, माणूस ‘शत्रूचा’ आणि बातमी खरी.

उलट बाजूला क्रेग राइट. आपणच सातोशी असं तो म्हणत होता. मे २०१६ मध्ये त्याने पुरावा म्हणून एक सही दाखवली. ती २००९ च्या एका जुन्या व्यवहारातली, आधीपासून सगळ्यांसमोर असलेली सही निघाली. नव्या मजकुरावर जुन्या किल्लीने केलेली सही, इतकं साधं व्हाउचर मागितलं होतं, ते आलं नाही. त्यावर लाखो शब्दांची भांडणं झाली आणि मार्च २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो सातोशी नसल्याचा निकाल दिला.

आकड्यांचा ट्रोल जास्त हुशार असतो. ‘इतके टक्के नोड आमच्या बाजूने’ असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, भाड्याच्या सर्व्हरवर पाहिजे तेवढे नोड उभे करता येतात आणि नोड आपलं नाव काहीही सांगू शकतो. २०१५ मध्ये बिटकॉइन एक्सटी या मोठे ब्लॉक आणू पाहणाऱ्या सॉफ्टवेअरच्या काळात हेच झालं. एक्सटी असल्याचं नुसतं सोंग घेणारे नोड निघाले आणि खऱ्या एक्सटी नोडवर हल्ले झाले. लाइक, मतदान, सदस्यसंख्या यांचंही वजन तेवढंच.

मी गटात एक पद्धत ठेवली आहे. वादाच्या संदेशाला एकच उत्तर: ‘ब्लॉकची उंची, व्यवहाराचा क्रमांक किंवा कोडमधली ओळ द्या.’ अडाणी असेल तर विचारतो, कशी शोधायची? त्याला दाखवायचं, वेळ द्यायचा. कडवा असेल तर शोधून आणतो आणि कधीकधी आपल्यालाच गप्प करतो, असे सदस्य जपावेत. नुसती मजा घेणारा असेल तर विषय बदलतो किंवा माझ्या आयुष्यावर घसरतो. त्याला दुसरं उत्तर नाही. काढतानाही कारण एका ओळीत लिहायचं, चर्चा करायची नाही.

चौथा प्रकार शिवी देत नाही, म्हणून तो सगळ्यात धोक्याचा. नव्या सदस्याने लिहिलं, ‘वॉलेटमध्ये बॅलन्स शून्य दिसतोय.’ मिनिटभरात त्याला खाजगीत संदेश येतो. फोटो माझा, नाव माझंच, फक्त एका अक्षराच्या जागी तसंच दिसणारं दुसरं अक्षर. ‘काळजी करू नका, वॉलेट सिंक झालेलं नाही. या लिंकवर बारा शब्द टाका, दोन मिनिटांत होईल.’ भाषा माझ्यापेक्षा गोड. गटातलं भांडण जितकं तापलेलं, तितकी ही माणसं खुशीत, कारण सगळे एकमेकांवर ओरडत असताना नवा माणूस खाजगीत बोलणाऱ्या सभ्य माणसाकडे वळतो. म्हणून गटाच्या वर कायम चिकटवून ठेवा: अ‍ॅडमिन स्वतः होऊन खाजगीत कधीच लिहीत नाही आणि सीड फ्रेज (तेच बारा शब्द, म्हणजे वॉलेटची किल्ली) कोणालाही, कुठल्याही कारणाने लागत नाही. बॅलन्स बघायला पत्ता पुरतो. तो ब्लॉक एक्सप्लोररमध्ये (साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) टाका, नाणी तिथे असतील तर दोष फक्त वॉलेटच्या दिसण्यात आहे.

आणि कोणी घाबरून बारा शब्द गटातच टाकले, तर संदेश पुसून समाधान मानू नका. असे शब्द वेचणारे बॉट माणसापेक्षा चपळ असतात. त्याला फोन करा, स्वच्छ यंत्रावर नवं वॉलेट करायला लावा, नवे शब्द कागदावर लिहून घ्यायला सांगा आणि जुन्यातली रक्कम लगेच तिकडे हलवा, शुल्क चढं लावून. जुनं वॉलेट त्यानंतर कधीही वापरायचं नाही, त्यात चुकून कोणी पैसे पाठवले तरीही.